कणकेला पुरून उरेल असा स्टँड मिक्सर: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत पहिल्यांदा यीस्ट फसफसलं. आमच्याही. तोवर आमचं बेकिंग म्हणजे वाढदिवसाचा केक आणि दिवाळीआधीची नानकटाई, एवढंच. त्या उन्हाळ्यात लादीपाव सुरू झाले, मग ब्रेड, मग बन. परातीत मैदा तिंबून तिंबून मनगटं भरून आली, तेव्हा मी ऑनलाइन एक स्टँड मिक्सर मागवला. १२०० वॅट, ५ लिटरचा बाऊल, लालचुटूक रंग, किंमत आवाक्यातली. पावाचा आठवा की नववा घाणा असेल. मशीनच्या डोक्यातून कडकड आवाज आला, कणीक मळायचा हुक जागच्या जागी थांबला आणि मोटर मात्र गरगरत राहिली. आतल्या नायलॉनच्या गिअरचे दात गेले होते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात नव्हतं. सुटा भाग यायला अडीच महिने लागले, आणि तोवर पुन्हा परात.

त्यानंतर मी बरीच मशिनं जवळून बघितली: माझी, बहिणीची, सोसायटीतल्या मैत्रिणींची. कमी पैशांत कामाचं मशीन मिळतं, हे खात्रीने सांगते. पण जाहिरातीत जे लिहिलेलं असतं, वॅट, लिटर, किती स्पीड, त्यावरून ते ओळखता येत नाही. मशीनचा कस घट्ट कणकेत लागतो, आणि कणकेबद्दल खोक्यावर फारसं काही नसतं.

आपण काय करतो हे न बघता खरेदीला निघणं

कागद घ्या आणि गेल्या दोन महिन्यांत घरी काय काय भाजलं ते लिहून काढा. करायचं मनात आहे ते नको, प्रत्यक्ष केलं तेवढंच. यादीत फक्त केक, कपकेक, बिस्किटं आणि आयसिंगचं क्रीम असेल, तर तुम्हाला स्टँड मिक्सर लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. दीड-दोन हजारांचा हँड मिक्सर, ज्याला आपण नुसतं बीटर म्हणतो, तो एक किलोच्या केकपर्यंतचं सगळं काम नीट करतो. बिनअंड्याच्या केकमध्ये तर मैदा घातल्यावर फेटायचंच नसतं. जास्त फेटला की ग्लूटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, धरतं आणि केक चिवट होतो. तिथे हातातला कलथाच बरा. उरलेल्या पैशांतून एक डिजिटल वजनकाटा आणि ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर घ्या. ओटीजीच्या बटणावर १८० असतं आणि आत दीडशे किंवा दोनशे. केक फसतो तो पुष्कळदा तिथे.

आठवड्यातून एकदा तरी पाव किंवा ब्रेड होतो, किंवा केकच्या ऑर्डरी रोजच्या झाल्या आहेत, तरच पुढचं वाचा.

वॅटला ताकद समजणं

वॅट म्हणजे मशीन वीज किती ओढतं त्याचं माप. हुकाच्या टोकाशी जोर किती पोचतो, हे त्यातून कळत नाही. जगभर घरोघरी दिसणारं किचनएडचं आर्टिझन घ्या. त्याच्या २३० व्होल्टच्या मॉडेलवर ३०० वॅट लिहिलेलं असतं. दहा हजारांच्या आतल्या मशिनांवर १०००, १२००, १५०० असे आकडे असतात. म्हणून ती चारपट-पाचपट दमदार ठरत नाहीत. या मशिनांतली मोटर मिनिटाला हजारो फेरे मारते. तो वेग पट्ट्याने आणि गिअरने खाली आणून हुकाला द्यायचा असतो, आणि जोर तिथेच कमावला किंवा गमावला जातो. कात्रजचा जुना घाट चौथ्या गिअरमध्ये चढायला गेलं तर गाडीला धाप लागते. पहिल्या-दुसऱ्यात टाकली की तीच गाडी शांतपणे वर जाते. कणीक म्हणजे घाट आहे.

मग बघायचं काय? मी चार गोष्टी बघते. पहिली, सर्वांत कमी वेग. दुकानात हुक लावून मशीन एकवर चालवायला सांगा. हुकाचे फेरे डोळ्यांनी मोजता आले पाहिजेत. एकवरच ते भिरभिरत असेल तर ते क्रीम फेटायचं मशीन आहे, कणकेचं नाही. दुसरी, माहितीपत्रकात मैद्याचं कमाल वजन ग्रॅममध्ये दिलंय का. नुसते लिटर नकोत. तिसरी, मशीन सलग किती मिनिटं चालवता येतं. मशीनच्या बुडाला लावलेल्या पट्टीवर कधी कधी ‘केबी’ अशी दोन रोमन अक्षरं आणि पुढे मिनिटं असतात, ती हीच. कणकेला ५ मिनिटं चालवून मग वीस मिनिटं थांबवा असं लिहिलं असेल तर ते खरं माना. तेवढीच त्याची कुवत आहे. चौथी, मशीनचं स्वतःचं वजन. आर्टिझन दहा किलोंच्या पुढे भरतं. स्वस्त मशिनं बहुधा पाच ते सात किलोंची असतात. त्यातल्या त्यात जड असेल ते घ्या, कारण हलकं मशीन कणीक मळताना ओट्यावरून चालायला लागतं.

एक हिशेब जाता जाता. १५०० वॅटचं मशीन पूर्ण भाराने चाललं तर २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतं. ओट्यावरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. ते १६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावा.

‘पोळ्यांची कणीकही होईल’ या आशेवर घेणं

आपल्या घरांत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. विकणारा सांगतो, ‘ताई, रोजची कणीकसुद्धा मळून देईल.’ आणि घरातल्या सगळ्यांना तेवढंच पटतं, कारण पाव आठवड्यातून एकदा आणि पोळ्या रोज.

नीट समजून घ्या. कणीक जितकी घट्ट तितकं मशीनला जड. पावाच्या अर्धा किलो मैद्यात मी सव्वातीनशे मिली पाणी घालते, म्हणजे वजनाच्या ६५ टक्के. तो गोळा मऊ, सैलसर असतो आणि हुकाभोवती खेळतो. गव्हाचं पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात कणीक कितीतरी घट्ट होते. शिवाय चार माणसांच्या पोळ्यांची कणीक मशीनच्या मानाने थोडी असते. ५ लिटरच्या बाऊलमध्ये ती हुकाला चिकटून त्याच्यासोबत नुसती गोल फिरते, मळली जातच नाही. आपल्याला वाटतं मशीन काम करतंय. हात लावून बघितलं की आत कोरडं पीठ सापडतं. गुळाच्या पोळीची कणीक तर या मशिनांत घालूच नका. बेसन आणि मोहन घातलेली ती घट्ट कणीक गिअरचा जीव घेते.

पण पुरणपोळीची गोष्ट वेगळी, आणि ती सांगताना मला फार बरं वाटतं. पुरणपोळीला सैल, तेलात भिजलेली, ओढली तर तार धरणारी कणीक लागते. ती हाताने तिंबायला अर्धा तास जातो. हुक ते काम सुरेख करतो. गेल्या होळीला तीन वाट्या मैदा आणि एक वाटी कणीक सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवली आणि मग दोन नंबरवर थोडं थोडं तेल घालत सहा मिनिटं, मध्ये एकदा थांबून, मळली. पोळी पुरण न फुटता काठापर्यंत लाटली गेली.

रोजच्या पोळ्यांसाठी मदत हवी असेल तर मिक्सरसोबत येणारं फूड प्रोसेसरचं भांडं किंवा कणीक मळायचं वेगळं यंत्र बघा. स्टँड मिक्सरवर तो भार टाकू नका.

लिटर वाचून फसणं

५ लिटर म्हणजे काठोकाठ पाणी भरलं तर मावणारं माप. त्यात ५ लिटर काही फेटता येत नाही. स्वस्त मशीनच्या कागदावर ‘कमाल दोन किलो कणीक’ असं असेल तर मी निम्म्यावर थांबते. ५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, थोडं लोणी, साखर, यीस्ट मिळून ९०० ग्रॅमच्या आसपास गोळा होतो. दोन लाद्या करायच्या असतील तर दोन वेळा मळा.

उलटी बाजू कोणी सांगत नाही. मोठ्या बाऊलला कमीत कमी मापही असतं. दोन अंड्यांचा पांढरा भाग किंवा १०० मिली क्रीम तळाशी पसरून राहतं आणि व्हिस्क, म्हणजे फेटायचं तारांचं अवजार, वरूनच फिरतो. तुमची कामं छोटी असतील तर साडेतीन-चार लिटरचं मशीन जास्त उपयोगी पडेल, आणि जागाही कमी अडवेल.

बाऊल फिरतोय की बीटर, हे न बघणं

तीन-चार हजारांत ‘स्टँड मिक्सर’ म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा स्टँडवर बसवलेलं बीटर असतं. बीटर एका जागी फिरतो आणि खालचा बाऊल घसटत फिरतो. केकला आणि क्रीमला ते चालतं. कणकेला नाही. खरा स्टँड मिक्सर ग्रहासारखा फिरतो: अवजार स्वतःभोवती एका दिशेने आणि बाऊलभर उलट्या दिशेने, म्हणजे बाऊल जागेवर असूनही कुठला कोपरा सुटत नाही. याला प्लॅनेटरी म्हणतात आणि तो शब्द खोक्यावर शोधा. १९०८ साली अमेरिकेत हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्याने एका बेकरीवाल्याला लोखंडी चमच्याने कणीक ढवळताना पाहिलं आणि त्यातून आधी बेकऱ्यांसाठी आणि १९१९ मध्ये घरासाठी असं मशीन तयार झालं. शंभर वर्षांत या फिरण्याच्या तऱ्हेपेक्षा चांगली तऱ्हा घरगुती मशीनला मिळालेली नाही.

सोबतची अवजारंही हातात घेऊन बघा. व्हिस्क बहुतेक ठिकाणी स्टीलचा असतो. हुक आणि चपटा बीटर मात्र ॲल्युमिनियमचे, वरून पांढरा किंवा करडा लेप दिलेले. लेप नसलेलं ॲल्युमिनियम डिशवॉशरमध्ये टाकलं की काळं पडतं आणि पुढच्या क्रीममध्ये करडी झाक उतरते. लेप उडायला लागला की ते अवजार बदला. तिन्ही स्टीलची मिळत असतील तर पाचशे रुपये जास्त द्या.

ओटा न मोजणं

मशीन बसतं, पण डोकं वर उचलता येत नाही! वरचं कपाट आडवं येतं. बंद मशीनची उंची कागदावर असते, डोकं उघडल्यावरची नसते, आणि त्यात दहा-पंधरा सेंटीमीटर सहज वाढतात. दुकानात डोकं उघडायला लावून टेपने मोजा. मशीन माळ्यावर ठेवायचा विचार असेल तर घेऊच नका. सात किलो कोणी रोज उतरवत नाही.

अमेरिकेहून मागवणं

पुण्यात हा विषय येणारच, कारण निम्म्या घरांतलं कोणीतरी तिकडे आहे. तिथे सेलमध्ये चांगलं मशीन स्वस्त दिसतं आणि ‘येताना घेऊन ये ना’ असं आपण सहज म्हणतो. पण तिथलं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या पॉइंटला थेट लावलं तर मोटर जळते. नुसता पिन बदलायचा ॲडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही, ही चूक मी प्रत्यक्ष झालेली बघितली आहे. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. ३०० वॅटच्या आसपासच्या मशीनला मी निदान ७५० वॅटचा घ्यायला सांगते, कारण कणकेत अडल्यावर मोटर नेहमीपेक्षा जास्त वीज ओढते. तो ट्रान्सफॉर्मर चांगला जड असतो, ओट्यावर जागा खातो आणि पैसे लागतात ते वेगळेच. तिथली वॉरंटी इथे सहसा चालत नाही. बॅगेतले दहा-अकरा किलोही त्यात जमेला धरा. एवढं सगळं करूनही आणायचं असेल तर जरूर आणा, मशीन उत्तमच असतं. पण ते ‘स्वस्त’ पडत नाही.

दुरुस्ती कोण करणार हे खरेदीनंतर शोधणं

माझी चूक हीच होती. आता मी मशीन आवडलं की आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करते आणि दोन प्रश्न विचारते: पुण्यात सर्व्हिस सेंटर कुठे आहे, आणि या मॉडेलचा गिअर आणि मोटरमधले झिजणारे कार्बन (ब्रश) सुटे मिळतात का. उत्तर गुळमुळीत आलं की ते मॉडेल यादीतून बाद. पुण्यातल्या तपकीर गल्लीत विजेच्या वस्तूंची दुकानं ओळीने आहेत. मशीन तिथून घ्या किंवा ऑनलाइन, पण त्या दुकानदारांना ‘या कंपनीचं परत किती येतं’ असं एकदा विचारून बघा. ते मोकळेपणाने सांगतात.

आणि घरून केक विकत असाल तर वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा. ‘फक्त घरगुती वापरासाठी’ हे वाक्य त्यात जवळजवळ नेहमी असतं. रोजच्या पाच ऑर्डरींवर जळलेली मोटर कंपनी बदलून देईलच असं नाही. बिल जपून ठेवा. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मशीन घरी आल्यावर

तळाशी कोरडं पीठ किंवा साखर राहते: बीटर बाऊलच्या तळाला पोचत नाही. एक रुपयाचं नाणं कोरड्या बाऊलमध्ये टाका, चपटा बीटर लावा आणि सर्वांत कमी वेगावर फिरवा. बीटर नाण्याला दर फेऱ्यात थोडं थोडं पुढे सरकवत असेल तर अंतर बरोबर आहे. नाणं हललंच नाही तर बीटर वर आहे, खडखडत गोल फिरलं तर फार खाली. काही मशिनांत डोक्याच्या बिजागरीजवळ हे अंतर जुळवायचा स्क्रू असतो. नसेल तर मध्ये दोनदा थांबून स्पॅच्युलाने तळ खरवडावा लागतो. हे बदलीच्या मुदतीत, पहिल्याच आठवड्यात तपासा.

कणीक हुकावर चढते: वेग जास्त किंवा कणीक जास्त. कणकेला एक आणि दोन नंबरच्या वर कधी जाऊ नका. घाईने चारवर टाकल्याने ती लवकर मळली जात नाही, गिअर मात्र लवकर जातो.

मशीन तापतं: माझ्या स्वयंपाकघरातला सगळ्यात मोलाचा बदल इथे झाला. मैदा आणि पाणी एकवर दीड मिनिट फिरवायचं, कोरडं पीठ दिसेनासं झालं की मशीन बंद करून बाऊलवर ओला पंचा टाकायचा आणि अर्धा तास विसरून जायचं. पीठ पाणी पितं आणि ग्लूटेन आपोआप धरायला लागतं. मग यीस्ट, मीठ, साखर घालून चार मिनिटं मळायचं, लोणी सगळ्यात शेवटी. आधी जिथे मला बारा मिनिटं लागायची तिथे आता पाच-सहा पुरतात. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी पातळ ताणा. न फाटता पलीकडचा उजेड दिसला की झालं. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मी पाणी फ्रिजमधलं वापरते, कारण मळताना घर्षणानेही कणीक तापते आणि तापलेली कणीक चिकट होऊन वेळेआधीच फुगते.

मध्येच बंद पडतं: तापल्यावर मोटर स्वतःला बंद करते अशी सोय बहुतेक मशिनांत असते. पिन काढा, अर्धा तास थांबा, कणीक निम्मी करा. लगेच पुन्हा पुन्हा बटण फिरवू नका.

वास येतो: नव्या मशीनला पहिल्या दोन-तीन वेळा थोडा वास येतो, त्याने घाबरू नका. धूर, जळका उग्र वास किंवा बाजूच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसल्या तर बंद करा. कार्बन झिजले असतील तर तो किरकोळ खर्च आहे आणि मिक्सर दुरुस्त करणारा कोणीही ते बदलून देतो.

क्रीम फुगत नाही: मशीनला दोष देण्याआधी डबा वाचा. अमूल फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के फॅट असतं. ते भाजीत आणि फ्रूट सॅलडमध्ये घालायचं क्रीम आहे. फेटून उभं राहायला दुधाच्या क्रीमला निदान ३० टक्के फॅट लागतं. गोठवून विकलं जाणारं नॉन-डेअरी क्रीम असेल तर ते रात्रभर फ्रिजमध्ये उतरवून पूर्ण सुटलेलं, पण थंडगार हवं. बाऊल आणि व्हिस्क वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि मध्यम वेगावरच फेटा.

मोटर फिरते पण हुक थांबतो: गिअर गेला. मशीन लगेच बंद करा, ‘एकदा अजून बघू’ म्हणून चालवू नका, नाहीतर तुटलेले दात दुसऱ्या गिअरमध्ये अडकतात. वॉरंटी संपलेली असेल तर मेकॅनिककडून डोकं उघडवून गिअरचा फोटो काढा आणि दात मोजून ठेवा, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या मशिनांत तो वेगळा असू शकतो. भाग मागवाल तेव्हा दोन मागवा. माझा दुसरा गिअर चमच्यांच्या खणात आहे, अजून लागलेला नाही.